रोजच्या धावपळीत माइंडफुलनेस (म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष देणं), कृतज्ञता वगैरे खरंच जमतं का? तुम्ही कसं करता?

अमळनेर_अपडाऊन

नमस्कार सगळ्यांना. मी अमळनेरहून जळगावला रोज अपडाऊन करते, ऑफिसात अकाऊंट्सचं काम आहे, घरी सासूबाई, मिस्टर, दोन मुलं आणि थोडी कोरडवाहू शेती. मागे एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून मोबाईलमध्ये एक ॲप टाकलं, त्यात मधूनमधून घंटी वाजते की श्वासाकडे लक्ष द्या आणि रात्री झोपताना तीन गोष्टी लिहायच्या ज्यांच्याबद्दल आज आभार वाटले. सुरवातीला खरंच छान वाटलं, झोप पण बरी लागायला लागली होती. पण आता रोज तेच ते लिहिलं जातंय, कुटुंब, तब्येत, दोन वेळचं जेवण, परत कुटुंब, तब्येत, जेवण. हात लिहितो आणि डोक्यात उद्याचं जीएसटी रिटर्न चालू असतं.

दुसरं म्हणजे यंदा कापूस वेचणीला आला आणि नेमका पाऊस पडत राहिला, बोंडं झाडावरच काळी पडली. घरात कुणी नीट बोलत नाहीये. अशात मी रात्री बसून लिहायचं की मी आभारी आहे, ते मला खोटं वाटतं हो. आणि ते एक असतं ना, की आपल्यापेक्षा वाईट परिस्थितीत किती लोक आहेत ते बघ म्हणजे बरं वाटेल, ते तर मला अजिबात पटत नाही. दुसऱ्याचं दुःख बघून आपण समाधान कसं मानायचं?

तर विचारायचं असं की हे सोडून द्यावं का, की करायची पद्धत वेगळी असते? मला वीस मिनिटं मांडी घालून बसणं शक्य नाही. पहाटे उठल्यापासून डबे, पाणी भरणं, मग स्टेशन गाठायचं, गाडीत बऱ्याचदा उभंच. अर्धा तास लवकर ऊठ एवढं कृपया सांगू नका. बाकी काहीही सांगा, मनापासून करायची इच्छा आहे.

---

चोपडेकर_पुण्यात

ताई आधी ती ॲपची घंटी बंद करा. ज्या मोबाईलमुळे लक्ष उडतं त्यालाच लक्ष सांभाळायला बसवलंय.

मी इगतपुरीला दहा दिवसांचा विपश्यना कोर्स केलाय. पहाटे चारला घंटा होते, बोलणं बंद, मोबाईल जमा करून घेतात, फी काहीच नसते, आधी कोर्स केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा जाणारा श्वास बघायचा, बाकी काही नाही. खूप चांगला अनुभव आहे पण लहान मुलं आणि नोकरी सांभाळून लगेच दहा दिवस काढणं तुम्हाला जमेल असं वाटत नाही म्हणून जा म्हणत नाही. तेवढं नाकाजवळच्या श्वासाचं मात्र गाडीत उभं राहून पण होतं. श्वास बदलायचा नाही, गार आत येतोय, कोमट बाहेर जातोय एवढंच बघायचं. धरणगाव ते जळगाव करून बघा. मन शंभरदा पळेल, परत आणायचं, पळालं म्हणून स्वतःवर चिडायचं नाही, कारण ते परत आणणं हाच त्यातला व्यायाम आहे.

---

धुळ्याची_मॅडम

मी धुळ्यात समुपदेशन करते, कॉलेजात मानसशास्त्र पण शिकवलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, चालेल ना?

पहिली गोष्ट, तुम्हाला जे झालंय ते अगदी साहजिक आहे. कृतज्ञतेच्या डायरीबद्दल एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. त्यात विद्यार्थ्यांच्या एका गटाने आठवड्यातून एकदाच, आभार वाटावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या होत्या, दुसऱ्या गटाने त्रासाच्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या, असं १० आठवडे. आभारवाल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटत होतं आणि पुढच्या आठवड्याबद्दल आशा जास्त होती. लक्षात घ्या, हे आठवड्यातून एकदा होतं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. जास्त वेळा केलं की ते हजेरीसारखं होतं, सही करायची आणि पुढे जायचं. म्हणून रोज लिहिणं बंद करा, रविवारी निवांत लिहा, बिनधास्त.

दुसरं, 'कुटुंब' असं लिहूच नका. कुटुंबातल्या कुणी, कधी, काय केलं ते लिहा. सेलिगमन यांच्या २००५ च्या प्रयोगात तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या पण त्याच्यासोबत ती गोष्ट का घडली हे पण लिहायचं होतं, आणि माझ्या मते सगळा जीव त्या 'का' मध्ये आहे. आज मला खिडकीजवळ जागा मिळाली. का? कारण धरणगावला एक बाई उतरता उतरता मला हात करून बोलावून गेली. आता त्यात एक माणूस आला आणि त्याने मुद्दाम केलेलं एक काम आलं. रोज तेच ते येणं आपोआप थांबतं, कारण अशा दोन गोष्टी सारख्या नसतात.

हे चमत्कार करतं असं मात्र मी सांगणार नाही. असे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिल्यावर चिंता आणि नैराश्यावर याचा परिणाम लहानच दिसतो. रोजच्या जगण्याला मदत होते, पण आजाराचं औषध म्हणून यावर विसंबून राहू नये. मन सलग दोन आठवडे खचलेलं राहिलं, झोप-भूक गेली, कशातच रस वाटेना, तर डायरी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत पण बोलतात. हे तुमच्यासाठीच नाही तर घरातल्या मंडळींसाठी पण लिहून ठेवा. पीक गेलं की पुरुष माणूस बोलत नाही, आतल्या आत घुसमटतो, आणि आपण म्हणतो की राग आलाय.

लक्ष देण्याबद्दल दुसरं कुणी लिहीलच, मी एवढंच सांगते की ज्या कार्यक्रमामुळे माइंडफुलनेस दवाखान्यात पोचलं तो जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला सुरू केला, आठ आठवड्यांचा, आणि तो दीर्घकाळ दुखणं सोसणाऱ्या रुग्णांसाठी होता. ज्यांचं दुखणं जाणारच नव्हतं त्यांच्यासाठी. सगळं छान आहे असं मानायला तिथे कुणी सांगत नाही, जे आहे ते आहे तसं बघायचं. त्यातला एक प्रसिद्ध सराव म्हणजे एकच मनुका हातात घ्यायचा, बघायचा, वास घ्यायचा, मग हळू चावायचा. आपल्याकडे मनुका कशाला पाहिजे, कळण्याच्या भाकरीचा पहिला घास घ्या. ज्वारी आणि उडदाचा तो वास, कडेचा खरपूसपणा, तेलातला ठेचा जिभेला लागतो तो क्षण. फक्त पहिला घास लक्ष देऊन खायचा, बाकी जेवण गप्पा मारत जेवा.

---

सातपुडा_शहादा

मॅडमचं पटलं पण मला एक गोष्ट स्पष्ट बोलायचीये. आपल्याकडे 'जे आहे त्यात समाधान मान' हे कुणाला सांगतात? सुनेला सांगतात, मजुराला सांगतात, आशाताई मानधन वाढवून मागायला लागल्या की त्यांना सांगतात. मालकाला, सरकारला, व्यापाऱ्याला कुणी सांगत नाही की बाबा तू कृतज्ञ राहा. म्हणून मला या विषयाची थोडी भीतीच वाटते, कारण चांगल्या शब्दात बाईचं तोंड बंद करायला हे फार सोपं आहे.

पण सोडून द्या असं पण मी म्हणणार नाही. मी स्वतः वहीत दोन बाजू करते. एका बाजूला आज कोण उपयोगी पडलं, दुसऱ्या बाजूला आज काय चुकीचं झालं आणि ते कुणाला सांगायचं. दोन्ही खरं असतं आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. तुमचा कापूस गेला तर तो गेलाच, त्याचा पंचनामा, तलाठ्याकडे चकरा, विम्याची विचारपूस हे दुसऱ्या बाजूला लिहायचं आणि करायचं. आणि त्याच दिवशी चिखलातून शेजारचा तुमच्या मिस्टरांसोबत ओला कापूस उचलून आणू लागला असेल तर ते पहिल्या बाजूला. नुकसानीबद्दल आभार मानायचे नसतातच, नुकसानीत जो उभा राहिला त्याचे मानायचे. हे वेगळं केल्यापासून मला खोटं वाटणं बंद झालं.

आणि ताई, दुसऱ्याचं दुःख बघून समाधान मानायचं नाही हे तुमचं एकदम बरोबर आहे. ती कृतज्ञता नाहीच, त्यात आभार कुणाचे मानले? कुणाचेच नाही.

---

यावलकर_बागायत

राम राम मंडळी. मी केळीवाला माणूस, डायरी वगैरे कधी लिहिली नाही, पण हा विषय मनाच्या जवळचा आहे म्हणून लिहून राहिलो.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळतात, माहीत असेल सगळ्यांना. लहानपणी मला वाटायचं खांदेच का, पाठ आहे, मान आहे, शिंगं आहेत. आजोबा बोलले की जू तिथंच बसतं ना. वर्षभर ओझं जिथं पडलं तिथं हात फिरवायचा. मॅडम म्हणतात ना की कुणी काय केलं ते नेमकं लिहा, ते मला यावरून पटलं. नुसतं 'बैलाचे उपकार आहेत' म्हणून भागत नाही, त्याला कुठं लागलं ते आधी बघावं लागतं, आणि ते बघायला जवळ जाऊन उभं राहावं लागतं. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, पण माणसांचे खांदे आहेतच की. कापणीच्या दिवशी केळीचा घड खांद्यावर घेऊन बागेतून रस्त्यापर्यंत जे पोरं चालतात, पायाखाली चिखल, वर चीक गळून राहिला अंगावर, तो डाग कपड्याचा निघत नाही. त्यांना मजुरी देणं हा व्यवहार झाला, तो वेळेवर करायचाच, पण त्याच्या वर त्यांच्या खांद्यावर घालायला जुनं मऊ धोतर फाडून देणं, गार पाण्याचा माठ बागेच्या तोंडाशीच ठेवणं म्हणजे पाण्यासाठी लांब यायला नको, हे माझ्या मते आभार. तोंडाने बोलायची आपल्याकडे सवय नाही, आणि सारखं बोललं तर समोरचा पण अवघडतो.

आणि लक्ष देण्याचं म्हणाल तर मी सकाळी बागेत फोन न घेता जातो. ठिबकच्या नळ्यांवरून चालत जायचं, कुठलं ड्रीपर चोक झालंय, कुठल्या पानावर पिवळे पट्टे दिसतात. विषाणू आला तर ते झाड सुरवातीलाच उपटून टाकावं लागतं नाहीतर मावा ही कीड तो विषाणू पसरवते, त्यामुळे बघणं हे आमचं कामच आहे. कानाला फोन लावून चाललं तर डोळे उघडे असतात पण दिसत काहीच नाही. हा माझा ध्यानाचा वेळ समजा. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा एकेक झाडाची मान बघून कळतं कुणाला त्रास होतोय. मन गोंधळलेलं असेल तरी पहिल्या दोन-चार ओळी चाललो की खाली बसतं.

---

अमळनेर_अपडाऊन

एवढं मनापासून लिहिलं तुम्ही सगळ्यांनी, खरंच डोळे भरून आले. यावलकर भाऊ ते खांद्याचं वाचून मी मिस्टरांना पण वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण दोनदा वाचायला लावलं.

शहादेकर ताई, वहीच्या दोन बाजू आजपासून. ते मला हवंच होतं, कारण राग बाजूला ठेवून आभार लिही असं मनाला सांगितलं की मन ऐकत नाही.

एक अडचण सांगते. सासूबाई माझ्या आधी उठतात, मी डबे करते तोवर त्या मुलांच्या आंघोळी, वेण्या, दप्तर सगळं बघतात, त्या नसत्या तर माझी नोकरीच नसती. पण मागे एकदा मी त्यांना थँक्यू म्हटलं तर घाबरूनच गेल्या, माझ्या कपाळाला हात लावून विचारलं, "तुन्ही तब्येत बरी शे ना?" मग मी काही बोललेच नाही परत. त्यांना कसं कळवायचं?

---

यावलकर_बागायत

त्यांचं जू कुठं बसतं ते बघा ना ताई. गुडघे दुखतात का, वाकून पाणी भरावं लागतं का, तेवढं एक काम त्यांच्याकडून काढून घ्या. कळेल त्यांना, बोलायची गरज पडणार नाही.

---

धुळ्याची_मॅडम

यावलकर भाऊंना पूर्ण अनुमोदन, फक्त एक भर. सेलिगमन यांच्याच अभ्यासात आणखी एक प्रकार होता, ज्या माणसाचे आभार नीट मानायचे राहून गेलेत त्याला पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. त्यातल्या सगळ्या प्रकारांत लगेच सगळ्यात जास्त आनंद यानेच वाढला होता, पण तो महिनाभरच टिकला, म्हणून हे रोजचं नाही, कधीतरी करायचं. सासूबाईंना पत्र नको, चार माणसांत सांगा. आखाजीच्या, कानबाईच्या रोटाच्या सणाला सगळं घर जमतं, तेव्हा नणंदेसमोर, भावकीसमोर सहज बोलून जा की आईंमुळे माझी नोकरी चालते. आपल्याकडच्या बायकांना तोंडावरचं थँक्यू पेलवत नाही, पण चारचौघांत आपल्या कष्टाचं नाव निघालं की ते त्या वर्षानुवर्षं जपून ठेवतात. समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी आज्यांकडून ऐकलंय की माझं कुणी नावच घेतलं नाही कधी.

---

लोको_भुसावळ

उशिरा वाचलं, तरी लिहितो. मी रेल्वेत लोको पायलट होतो, भुसावळलाच निवृत्त झालो. ताई गाडीने अपडाऊन करतात म्हणून त्यांना जवळचं वाटेल.

इंजिनात आम्ही दोघं असतो, पायलट आणि असिस्टंट. समोर सिग्नल दिसला की नुसता बघायचा नसतो. हात करून मोठ्याने बोलायचं, कुठला सिग्नल आणि कोणता रंग, मग दुसऱ्याने स्वतः बघून परत तेच बोलायचं. पूर्ण नोकरीभर, प्रत्येक सिग्नलला. नवीन पोरांना सुरवातीला अवघड वाटतं, की दिसतंय ना, बोलायचं कशाला. पण रात्री तीन वाजता एकसारख्या आवाजात डोळे उघडे असून माणूस आतून झोपलेला असतो. तोंडाने नाव घेतलं की मन त्या जागी येतं. आणि इंजिनात एक यंत्र असतं, ठराविक वेळ पायलटने काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग भोंगा होतो, तरी बटण दाबलं नाही तर ब्रेक आपोआप लागतात. सांगायचं कारण असं, की एवढी ट्रेनिंग दिलेल्या माणसाचं लक्ष सुद्धा भरकटणार हे रेल्वेने धरूनच ठेवलंय. म्हणून लक्ष उडालं तर मनाला लावून घेऊ नका, ते उडतंच, परत आणायची सोय ठेवा.

तीच सवय मी घरी ठेवली. गॅस बंद केला की हात करून बोलतो, 'गॅस बंद'. कुलूप लावलं, 'कुलूप लागलं'. गोळी घेतली, 'बीपीची घेतली'. परत येऊन बघावं लागत नाही. आणि मनात काही खळबळ असेल तरी तसंच नाव घेतो, 'काळजी वाटतेय', 'राग आलाय'. पुढे काही करायचं नाही, नाव घ्यायचं, एक श्वास सावकाश सोडायचा, सोडताना जरा लांब. श्वास बाहेर सोडताना छातीचे ठोके थोडे हळू होतात, ते मनगट धरून बघा, समजेल.

तुम्हाला गाडीत बसवून नेणारा माणूस पण समोर बोलत चाललेला असतो, सिग्नल पिवळा, सिग्नल हिरवा. उन्हाळ्यात इंजिनची केबिन भट्टी होते. कधी जळगावला उतरल्यावर इंजिनाजवळून जाणं झालं तर हात करा, आम्हाला प्रवासी हात करत नाहीत, लहान पोरं सोडली तर.

---

अमळनेर_अपडाऊन

काका, इतकी वर्षं रोज बसते पण पुढे इंजिनात दोन माणसं असं बोलत असतात हे माहीतच नव्हतं. उद्याच हात करते.

एक विचारू का, गाडीत भरपूर गर्दी असते, तिथे मोठ्याने कसं बोलणार? मनात बोललं तर चालतं का?

---

लोको_भुसावळ

गर्दीत ओठ हलले तरी पुरे बेटा. नुसतं मनात ठेवलं की ते बाकीच्या विचारांत मिसळून जातं, ओठ हलवले की वेगळं राहतं. आम्ही मोठ्याने बोलतो कारण दुसऱ्याने खात्री करायची असते. घरी मात्र मुलांना जोडीला घ्या, सकाळी निघताना तुम्ही म्हणा 'डबा', त्यांनी बघून म्हणायचं 'डबा घेतला', 'पाण्याची बाटली', 'बाटली घेतली'. आजीला पण त्यात घ्या. मुलांना फार आवडतं ते, आणि विसरलेलं तीच आधी पकडतात.